नक्षी शाबूत, टायर म्हातारा

या वेळच्या पत्रांपैकी नाशिकहून आलेले एक पत्र इतके तपशीलवार होते की बहुतेक जागा त्यालाच द्यावी लागली. उरलेल्या तीन पत्रांना शेवटी थोडक्यात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरील एका निवृत्त गृहस्थांकडून २०१७ सालची १५० सीसीची मोटारसायकल घेतली. गाडी एकहाती आहे, आठ वर्षांत फक्त ११,००० किलोमीटर चालली आहे आणि कायम इमारतीच्या पार्किंगमध्ये सावलीत उभी असे. टायर कंपनीचेच आहेत आणि त्यांची नक्षी जवळजवळ पूर्ण शिल्लक आहे. मात्र कडेला केसासारख्या बारीक भेगा दिसतात. शहरात गाडी छान चालते. पण पाथर्डी फाट्यापुढे मुंबईच्या दिशेने महामार्गाला लागलो आणि वेग ५५-६० च्या पुढे गेला की हँडल आणि सीट दोन्ही थरथरतात. एक मेकॅनिक म्हणतो, इंजिनाचे काम निघाले आहे, हेड उघडावे लागेल. पंक्चरवाला म्हणतो, नुसते बॅलन्सिंग करून घ्या. ज्यांच्याकडून गाडी घेतली ते म्हणतात, टायर अजून तीन वर्षे हलणार नाहीत. पुढच्या महिन्यात कसारा घाट उतरून कल्याणला सासुरवाडीला जायचे आहे. खर्चाला मर्यादा आहे. सुरुवात कशापासून करावी? — एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रात दोन स्वतंत्र प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि आपल्याला सल्ला देणाऱ्या तिघांनीही ते तसेच गुंतलेले ठेवले आहेत. टायर बदलावेत का, हा एक प्रश्न आणि थरथर कशाची आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर घरच्या पार्किंगमध्ये दोन मिनिटांत मिळते. दुसऱ्यासाठी एखादी मोकळी सकाळ राखून ठेवावी लागेल.

टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी लांबट चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तेथे २३१७ असे असेल, तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात साच्यातून निघाला, असे समजावे. पुष्कळ टायरांवर हे अंक एकाच बाजूला असतात, त्यामुळे चेनच्या बाजूला सापडले नाहीत तर गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला पाहावे. पुढच्या आणि मागच्या टायरचे अंक वेगवेगळे लिहून ठेवावेत. मध्यंतरी एखादा टायर बदललेला असू शकतो आणि जुन्या मालकालाही ते आठवत नसते.

आपले टायर मूळचेच असतील, तर त्यांना आठ वर्षे होऊन गेली आहेत. गाडी कमी चालली ही गोष्ट आपण जमेच्या बाजूला धरली आहे. इंजिनाच्या बाबतीत ते बरोबर आहे, टायरच्या बाबतीत ते उलटे आहे. आठ वर्षांत ११,००० किलोमीटर म्हणजे दिवसाला चार किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. याचा अर्थ ती गाडी बहुतेक काळ उभी होती, आणि उभ्या गाडीचे रबर चालत्या गाडीच्या रबरापेक्षा लवकर सुकते. रबराच्या मिश्रणात तेले आणि एक प्रकारचे मेण घातलेले असते. टायर रस्त्यावर दबत-उलगडत राहिला की हे मेण हळूहळू पृष्ठभागावर येते आणि हवेतील ओझोनपासून रबराचे रक्षण करणारा पातळ थर तयार होतो. गाडी महिनोन्महिने जागची हलली नाही, तर तो थर नव्याने बनत नाही. मग ओझोन रबराच्या रेणूंमधील दुवे तोडू लागतो आणि जेथे रबर ताणलेले असते, म्हणजे नेमके कडेच्या फुगीर भागावर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी, तेथे आपण वर्णन केलेल्या भेगा पडतात. विजेवर फिरणाऱ्या यंत्रांच्या मोटारीत ठिणग्या पडतात तेथे थोडा ओझोन तयार होतो, म्हणून टायर साठवताना ते अशा मोटारींपासून दूर ठेवावेत, असा प्रघात आहे. इमारतीच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या पंपाशेजारची रिकामी जागा बहुधा दुचाकीलाच मिळते, हे येथे सहज आठवले.

भेगा दिसतात म्हणून टायर उद्याच फुटेल असे नाही, आणि तशी भीती घालून टायर विकणारे दुकानदारही थोडे नाहीत. भेगेच्या तळाशी आतील धाग्यांचे जाळे दिसत असेल, तर मात्र ती गाडी दुकानापर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये. माझी खरी काळजी वेगळी आहे. म्हातारे रबर कडक होते आणि कडक रबर रस्त्याच्या खरखरीत पृष्ठभागात रुतत नाही. कोरड्या रस्त्यावर हे जाणवत नाही. पावसाळ्यात इगतपुरीच्या आसपास ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर ते एकदम कळते. नक्षीचे काम पाणी बाजूला सारण्याचे, आणि पकड धरण्याचे काम रबराच्या मऊपणाचे. आपल्या टायरांत पहिली गोष्ट शिल्लक आहे, दुसरी संपत आली आहे. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासावा आणि दहा वर्षे झाली की तो दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाकावा, असा नावाजलेल्या टायर कंपन्यांचाच सल्ला आहे. आठ वर्षे, वर भेगा आणि समोर घाट, एवढे एकत्र आल्यावर दहाव्या वर्षाची वाट पाहण्यात मला अर्थ दिसत नाही. थरथर कशाचीही निघो, दोन्ही टायर बदलावेत आणि ते बदलेपर्यंत कसाऱ्याचा बेत पुढे ढकलावा.

आता थरथर. टायर बदलण्याआधीच तिची परीक्षा करून घ्यावी, असे माझे मत आहे. नाहीतर नवे टायर घातल्यावर ती राहिली किंवा गेली, तरी कशामुळे, याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी वेगात जाण्याची मुळीच गरज नाही. रविवारी सकाळी लवकर, रस्ता कोरडा आणि मोकळा असताना, थरथर जेथे सुरू होते तेवढाच वेग गाठावा.

चाकातून येणारे हादरे आणि इंजिनातून येणारी कंपने यांच्या ठेक्यात फार मोठे अंतर असते. आपल्या गाडीच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, म्हणजे चाक एका सेकंदात नऊच्या आसपास फेरे घेते. त्याच वेळी वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला ८३ होतात. सेकंदाला नऊ हादरे हाताला वेगवेगळे कळतात. हँडल हलते, आरशातील चित्र नाचते, सीट धडधडते. सेकंदाला ८३ कंपने मोजता येत नाहीत. त्यांनी तळहाताला झिणझिण्या येतात आणि आरशातील चित्र नुसते पुसट होते. आपण ‘थरथर’ हा एकच शब्द वापरला आहे. पुढच्या वेळी हाताला नेमके काय होते, याकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर तीन गोष्टी कराव्यात. थरथर सुरू असलेल्या वेगाला एक गिअर खाली घेऊन तोच वेग राखावा. वेग तोच आणि इंजिनाचे फेरे वाढलेले असताना हादऱ्यांचा ठेका बदलला नाही, तर दोष चाकाच्या बाजूचा आहे. मग ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबावा आणि गाडी तशीच वाहू द्यावी. इंजिन आयडलला आले तरी हँडल हलत असेल, तर हेड उघडण्याचा सल्ला विनम्रपणे नाकारावा. शेवटी गाडी स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर न्यावे. उभ्या गाडीतच तशाच झिणझिण्या आल्या, तर इंजिनाच्या माउंटिंगचे बोल्ट, सायलेन्सरचे क्लॅम्प आणि हँडलच्या टोकांची वजने प्रथम तपासून घ्यावीत. एका सिलिंडरच्या इंजिनात थोडी कंपने स्वभावतःच असतात, आणि ११,००० किलोमीटर चाललेल्या इंजिनाचे हेड केवळ थरथरीवरून उघडणे म्हणजे डोके दुखते म्हणून दात काढण्यासारखे आहे. हात सोडून हँडल डुलते का, हे मात्र कधीही पाहू नये. ती परीक्षा पुष्कळ जण सांगतात, पण तिने गाडीबद्दल जे कळते ते जमिनीवर पडल्यावर.

आपल्या वर्णनावरून माझा कल चाकाकडे आहे. थरथर वेगाशी बांधलेली आहे, शहरात ती नाही, आणि ती हँडल व सीट दोन्हींकडे जाते. चाक एका बाजूला जड असेल, तर त्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चाळिसाला जो जोर असतो तो साठाला सव्वादोन पट होतो. शिवाय चाकाचा ठेका आणि पुढच्या शॉकअपची स्वतःची लय ज्या वेगाला जुळतात, तेथे तो अधिकच जाणवतो. द्वारका आणि मुंबई नाक्याच्या गर्दीत वेग तिथवर पोचतच नाही, म्हणून शहरात गाडी ‘छान’ वाटते. त्यात ही गाडी वर्षानुवर्षे उभी होती. टायरमधील हवा उतरलेली आणि गाडीचा भार रोज एकाच जागी, असे झाले की तेथे टायर किंचित चपटा बसतो. थोड्या दिवसांचा चपटेपणा चार-सहा किलोमीटर चालल्यावर, रबर गरम होऊन निघून जातो. कडक झालेल्या टायरमध्ये तो कायमचा घर करतो.

हे पाहण्यासाठी गाडी मेन स्टँडवर घ्यावी, मागचे चाक हाताने फिरवावे आणि खडूचा तुकडा एकदा रिमच्या कडेजवळ, एकदा टायरच्या माथ्याजवळ स्थिर धरावा. रिम सरळ फिरते आणि टायर मात्र वर-खाली उड्या मारतो, तर दोष टायरचा. रिमच डावी-उजवी डोलते, तर रिम आउट आहे. तारांचे चाक असेल तर कारागीर तारा ताणून आउट काढून देतो, अलॉयचे असेल तर ते वाकले आहे का हे वेगळे पाहावे लागेल. टायरच्या कडेला, रिमला लागून, एक बारीक उंचवट्याची रेघ सगळीकडे फिरलेली असते. ती रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर नसेल, तर टायर रिमवर नीट बसलेलाच नाही. असे झाले असल्यास हवा काढून, साबणाचे पाणी लावून पुन्हा हवा भरल्यावर बहुधा काम होते. चाक हातानेच फिरवावे. इंजिन चालू करून आणि गिअर टाकून चाक फिरवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात चेन आणि तिच्या दातेरी चाकामध्ये बोट जायला क्षण पुरतो.

मग चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे. खडखड जाणवली तर बेअरिंग संपले आहे; चाकाबरोबर मागचा सगळा स्विंगआर्मच, म्हणजे मागचे चाक धरणारा दुहेरी दांडा, डुलत असेल तर त्याचे बुश संपले आहेत. कोणाला तरी मागे दाबून बसायला सांगून पुढचे चाक उचलावे आणि फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे ढकलावीत. तेथे टकटक लागली, तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर वळते ती बेअरिंगे, ढिला आहे. तो फार ढिला असला तर हँडल डुलते आणि फार आवळलेला असला तर गाडी सरळ रेषेत चालत नाही, म्हणून तो ‘जरा टाइट करा’ असे मोघम सांगू नये. चेन फिरवत फिरवत दर थोड्या अंतराने तिचा ढिलेपणा पाहावा. एके ठिकाणी ती ताणलेली आणि दुसऱ्या ठिकाणी लोंबती असेल, तर तिच्या काही कड्या आखडल्या आहेत. उभ्या गाडीत हेही नेहमीचे आहे. मागच्या हबमधील रबरे टायरइतकीच जुनी आहेत, हे विसरू नये. मागचे चाक टायरसाठी काढाल तेव्हा ती दाबून पाहावीत. लाकडासारखी झाली असतील, तर त्याच वेळी बदलावीत, म्हणजे चाक काढण्याची मजुरी दोनदा पडणार नाही.

टायर घेताना माप चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणेच घ्यावे. रुंद टायरने गाडी भारदस्त दिसते, पण तीच रिम रुंद टायरला आवळून त्याचा माथा गोलाकार करते आणि जमिनीशी त्याचा संबंध हवा तसा राहत नाही. दुकानात पैसे देण्याआधी चार अंक वाचावेत आणि एक वर्षाहून जुना टायर असेल तर दुसरा मागावा. ट्यूबचा टायर असेल तर ट्यूब आणि रिमपट्टी नवी. ट्यूबलेस असेल तर वॉल्व नवा. कडेवरचा बाण फिरण्याच्या दिशेने हवा आणि रंगाचा ठिपका असेल तर तो वॉल्वपाशी यावा. टायरचा तो भाग हलका असतो आणि वॉल्वचे वजन त्याला तोलते. आपल्या पंक्चरवाल्याचे बॅलन्सिंग नवे टायर बसल्यानंतर जरूर करून घ्यावे. यंत्र नसले तरी चाक दांडीवर मोकळे ठेवून, जी बाजू पुन्हा पुन्हा खाली येते तिच्या समोर वजन लावण्याची जुनी रीत दुचाकीला पुरेशी आहे. जुन्या, चपट्या टायरवर मात्र ते करू नये. वजनाने तोल साधतो, आकार नाही.

हवा गाडी थंड असताना, स्टिकरवर दिलेली तेवढीच भरावी. आपल्या वर्गातील पुष्कळ गाड्यांना एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या आसपास दिलेली असते आणि मागे कोणी बसणार असेल तर मागच्या टायरला थोडी जास्त. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला निसरडा असतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर वळणांवर आणि ब्रेकवर बेताने वागावे. त्र्यंबकेश्वरला दोन-तीन फेऱ्या केल्या की ते भागते, आणि मगच कसाऱ्याकडे वळावे.

प्रश्न : गेल्याच आठवड्यात शोरूममधून कोरी गाडी घेतली. घरी येऊन पाहिले, तर पुढचा टायर दहा महिन्यांपूर्वीचा निघाला. शिवाय ठराविक फेऱ्यांवर पायांना झिणझिण्या येतात. गाडी परत करावी का? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही. टायर कारखान्यातून गाडीच्या कारखान्यात आणि तेथून शोरूममध्ये येईपर्यंत काही महिने जातातच. सावलीत ठेवलेल्या टायरचे दहा महिन्यांत काही बिघडत नाही. गाडी स्वतः कोणत्या महिन्यात बनली, हे मात्र कागदावर पाहावे. ती उन्हात उघड्यावर उभी राहिली असेल, तर त्याचा विचार टायरवरच्या तारखेपेक्षा अधिक करावा. हवा मापून घ्यावी, कारण शोरूममधून निघताना ती कोणी तपासली असेलच असे नाही. झिणझिण्या फेऱ्यांच्या एका छोट्याशा पट्ट्यात येतात आणि पुढे जातात, एवढेच असेल तर तो एका सिलिंडरचा स्वभाव आहे. पहिल्या सर्व्हिसला इंजिन आणि फूटरेस्टचे बोल्ट आवळून घ्यावेत, आणि तसे सांगितल्याची जॉबकार्डावर नोंद करून घ्यावी. तोंडी सांगितलेले काम झाले की नाही, हे नंतर सिद्ध करता येत नाही.

प्रश्न : टायरमध्ये नायट्रोजन भरल्यास थरथर कमी होते, असे पेट्रोल पंपावर सांगतात. खरे आहे का? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. थरथर कमी झाली असेल, तर ती त्या निमित्ताने हवेचा दाब योग्य झाला म्हणून.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. जुनी मोटारसायकल मुलासाठी पाहत आहोत. विक्रेते टायर अगदी काळेभोर चमकवून दाखवतात. त्यातून खरी स्थिती कशी ओळखावी? — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : बाई, पर्समध्ये एक ओला फडका ठेवावा. पॉलिश पुसले की भेगा दिसतात, आणि तारीख लिहिलेले चार अंकही बहुधा त्याच काळ्या थराखाली असतात. पॉलिश टायरच्या माथ्यावरसुद्धा चोपडलेले असेल, तर मुलाला ती गाडी तेथे चालवून पाहू देऊ नये; वळणावर ती घसरते. नक्षीच्या खाचांत मधूनमधून छोटे आडवे उंचवटे असतात आणि कडेवर त्यांच्या जागी टीडब्ल्यूआय अशी अक्षरे असतात. नक्षी झिजून उंचवट्यांच्या पातळीला आली, की टायर संपला. खाचा खोल आहेत पण उंचवटे कोठेच सापडत नाहीत, असे आढळले तर झिजलेल्या टायरवर हत्याराने नक्षी पुन्हा कोरलेली असण्याची शक्यता असते. अशा खाचांच्या कडा साच्यातल्या खाचांसारख्या एकसारख्या नसतात, हे बोट फिरवले की कळते. आणि वय पाच वर्षांच्या वर निघाले, तर घासाघीस करताना दोन नव्या टायरांची किंमत सरळ गाडीच्या भावातून वजा करावी. ‘टायर नवेच आहेत’ असे विक्रेता म्हणाला, तर त्याला ते चार अंक मोठ्याने वाचायला सांगावेत.